साडेअकरा हजार फुटांवरचं भरीत

वही आधी तयार झाली आणि सहल नंतर ठरली. इतरांना हा क्रम उलटा वाटेल, पण शालिग्राम नाना नारखेडे यांना तो अगदी बरोबर वाटत होता. नाना जळगावच्या भूमी अभिलेख कचेरीतून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी चोपड्यापासून एरंडोलपर्यंत लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना मधल्या बांधावर उभं राहून त्यांनी सरळ रेषा आखल्या. आधी कागद आणि मग पाऊल, ही सवय तिथलीच. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायच्या असत्या तर यांनी त्यांचाही नकाशा काढला असता, असं त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणत.

प्रमिलाबाईंना बर्फ पाहायचा होता. ही मागणी लग्नाच्या पहिल्या महिन्यातली. तेव्हा शिमल्याची तिकिटंसुद्धा काढली होती, पण नशिराबादच्या एका वाटणीच्या मोजणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात लागली. नाना म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी हेमांगी झाली, मग घर बांधायला काढलं, मग सासूबाईंचं आजारपण आलं, आणि बर्फ राहून गेला. प्रमिलाबाईंनी त्यावरून कधी भांडण केलं नाही. फक्त मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की फ्रीजचा वरचा कप्पा उघडून त्या दोन मिनिटं तशाच उभ्या राहत. नानांना ती दोन मिनिटं फार लांब वाटत.

म्हणून मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी लेह-लडाखचं नाव काढलं, तेव्हा नानांनी तिथल्या तिथे सगळी जबाबदारी अंगावर घेतली. बायको पहिल्यांदा बर्फाला हात लावेल तेव्हा आपण शेजारी उभे असू, एवढंच त्यांना हवं होतं. हे अर्थात ते कोणाला बोलले नाहीत. मंडळींना त्यांनी सांगितलं की तिथे हवा विरळ असते, उंचीचा त्रास होतो, तेव्हा आधी आपण अभ्यास करतो.

अभ्यास म्हणजे पुण्याला डॉक्टर असलेल्या हेमांगीला फोन. तिने थोडक्यात सांगितलं. जळगाव आहे सातशे फुटांवर, विमान तुम्हाला दीड तासात साडेअकरा हजारांवर नेऊन सोडणार. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, तो द्यायचा. पहिले दोन दिवस नुसता आराम, पाणी भरपूर, जेवण हलकं, दारू-विडी बंद. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवायचं नाही आणि आणखी वर जायचं नाही. माणूस बरळायला लागला, तोल जाऊन चालायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच दवाखाना, आणि गरज पडली तर खाली उतरायचं. गोळी असते, पण ती प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला विचारून घ्यायची, शेजाऱ्याला विचारून नाही.

"दोन दिवस आराम म्हणजे नेमकं काय करायचं?" नानांनी पेन उघडून विचारलं.

"काहीच नाही, बाबा."

नानांनी या काहीच नाहीचे बारा नियम केले. लाल शाईने रकाने आखले: नाव, वय, डोकेदुखी, पाणी, गोळी, आणि बोटाला लावायच्या यंत्राचा आकडा. हे यंत्र कोरोनापासून घरोघरी कपाटात पडून होतं, त्याला अखेर काम मिळालं. बारावा नियम नानांना स्वतःला फार आवडला होता. तो असा: "सहलीतील एखाद्या व्यक्तीस त्रास झाल्यास त्या व्यक्तीस विश्रांतीस ठेवून बाकीच्यांनी ठरल्याप्रमाणे पुढे जावे. एकामुळे सर्वांचा खोळंबा करू नये. भावनेस वाव नाही." हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर भटू आबा होते.

भटू आबा मूळचे धुळ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आता जळगावला मुलाकडे राहायला आलेले. पोट मोठं, विडी चालू, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून गप्पा मारायची सवय. त्यांनी वही उघडून पाहिली नाही. "नाना, आपण पंचेचाळीस डिगरीमा जगतस. आपले थंडी काय करी?" एवढं बोलून त्यांनी नानांना खिशात कांदा ठेवायला सांगितलं. आपल्याकडे उन्हाची झळ लागू नये म्हणून ठेवतात, तोच. ऊन आणि उंची यांचा संबंध काय, असं नानांनी विचारलं, तेव्हा तिथे माणूस सूर्याच्या जवळ जातो, असं उत्तर मिळालं. शेजारचे निर्मलकुमार जैन कांद्याचं नावही घेत नाहीत, त्यांनी कापराची पुरचुंडी आणून दिली आणि ती हुंगत राहा म्हणाले. शेजाऱ्यांचं मन मोडायचं नाही म्हणून नानांनी दोन्ही वस्तू दोन खिशांत ठेवायला सुरुवात केली. आठ दिवसांत त्यांच्याजवळ कोणी बसेनासं झालं.

शिवाय नानांनी सरावही काढला, जो हेमांगीने सांगितला नव्हता. जळगाव हे ताटासारखं सपाट गाव. चढायला आहे काय? कॉलनीच्या टोकाला एक जुनी, वापरात नसलेली पाण्याची टाकी आहे. एका सकाळी नाना गळ्यात मफलर, हातात वही घेऊन तिच्या लोखंडी शिडीने वर गेले आणि बोटाला यंत्र लावून बसले. आता आपल्या भागात माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो तो फक्त एका कारणासाठी. पंधरा मिनिटांत खाली चाळीस माणसं जमली. नाना वरून हाताने जा जा म्हणत होते, खालच्यांना ती घोषणा वाटली. कोणीतरी त्यांची मागणी गटाराची आहे असं ठरवून टाकलं, मग एक पुढारी आले आणि आठ दिवसांत गटार झाकून देतो असं त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं. नाना उतरले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडला आणि नारळपाणी देऊन त्यांचं उपोषण सोडवण्यात आलं. उपोषण कसलं, घरून ते चार कांदाभजी खाऊन निघाले होते. प्रमिलाबाई पुढचे दोन दिवस तोंड लपवून भाजी आणायला जात होत्या. गटार मात्र खरंच झाकलं गेलं, हे नाना आजही अभिमानाने सांगतात.

अखेर दसऱ्यानंतर अकरा जणांची सहल निघाली. दिल्लीपर्यंत रेल्वे आणि तिथून विमान. सामानात एक गोष्ट वहीत न लिहिलेली होती. बामणोदच्या वांग्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, आणि नानांनी नऊ किलो वांगी, भरीत ठेचायची लाकडी बडगी, तिची मुसळी आणि वांगी भाजायला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची मोळी बांधून घेतली होती. खान्देशातला माणूस परगावी चार लोकांना घेऊन जाईल आणि भरीत करून घालणार नाही, हे जमत नाही. घरचं रोजचं भरीत बाया करतात, पण दहा माणसांचं भरीत हा पुरुषांचा प्रांत, आणि आमच्या कॉलनीत तो नानांचा. त्यांच्या हातचं भरीत खाऊन भांडणं मिटल्याची उदाहरणं आहेत.

रेल्वेतच पहिला घोळ झाला. हेमांगीने नानांची नीट चौकशी करून, कोणत्या औषधाची ॲलर्जी नाही ना हे विचारून, विमानाच्या आदल्या दिवसापासून घ्यायची गोळी लिहून दिली होती. या गोळीने लघवीला वारंवार जावं लागतं. नानांचा बर्थ वरचा. सहाव्यांदा उतरताना त्यांचा पाय खालच्या प्रवाशाच्या पोळीभाजीत पडला, आणि तो प्रवासी जे बोलला ते निवृत्त सरकारी माणसाला ऐकण्यासारखं नव्हतं. नानांनी त्यानंतर गोळी घेतली नाही. वहीत मात्र गोळीच्या रकान्यात बरोबरची खूण करत राहिले.

दुसरा घोळ विमानतळावर. नानांनी हौसेने घेतलेले ऑक्सिजनचे दोन डबे विमानात चालत नाहीत म्हणून बाहेर काढले गेले. मग पऱ्हाट्यांची मोळी निघाली. तपासणीच्या माणसाने हे काय म्हणून विचारलं. नाना म्हणाले, कपास की लकड़ी. कशासाठी, तर बैंगन के लिए. मग बडगी निघाली, मुसळी निघाली आणि प्रत्येक वस्तूवर नवा साहेब बोलावला गेला. नानांनी तिघांनाही भरिताची कृती सांगितली. तिसऱ्या साहेबाने कृती शेवटपर्यंत ऐकून घेतली, बडगी, मुसळी आणि वांगी सोडली आणि मोळी ठेवून घेतली.

लेहला उतरल्यावर सगळ्यांना जरा हलकंहलकं वाटत होतं. नानांनी हॉटेलच्या दालनात वही उघडून नियमांचं वाचन केलं. दोन दिवस कोणी जागचं हलणार नाही, असं बजावलं. प्रमिलाबाईंनी हा नियम ज्या आनंदाने पाळला, तो पाहण्यासारखा होता. लग्न झाल्यापासून त्यांना दोन दिवस काहीच न करण्याचा लेखी आदेश कोणी दिला नव्हता. त्या खिडकीजवळ पाय वर घेऊन बसल्या, कोमट पाणी पीत राहिल्या आणि समोरच्या डोंगरांकडे बघत राहिल्या. भटू आबांनीही सगळ्यांना चकित केलं. विडी बंद म्हणताच त्यांनी ती खरोखर बंद केली आणि गादीवर आडवे झाले.

आणि नानांनी वांग्यांची पिशवी उघडली. दोन दिवसांच्या प्रवासात वांगी मऊ पडायला लागली होती. एक-दोन तर खालून काळी झाली होती.

"राहू द्या ना," प्रमिलाबाई जागेवरून म्हणाल्या. "सडली तर सडली. तुम्हीच तर आता वाचून दाखवलं."

नाना म्हणाले, मी कुठे डोंगर चढू राहिलो, बसल्या जागी तर भाजायची आहेत. त्यात हॉटेलच्या मालकाने तुमच्याकडचं खास काय म्हणून विचारलं, आणि भटू आबांनी झोपल्या झोपल्या हात नानांकडे केला. आता माघार घेणं शक्य नव्हतं. उतरून चार तासही झाले नव्हते, तोवर नाना मागच्या अंगणात चूल मांडून बसले.

लाकूड मिळालं ते तिथल्या झाडांच्या ओल्या फांद्यांचं. पऱ्हाटी कशी भरभर पेटते, हे लाकूड नुसतं धुमसायचं. त्यात हवा विरळ, आगीलाही धाप लागत होती. नानांनी वाकून फुंकर मारायला सुरुवात केली. जळगावात ते तीन फुंकरांत जाळ करतात. इथे तिसाव्या फुंकरीला त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्यांना वाटलं, चला, ठिणग्या उडायला लागल्या. पाऊण तास हे चाललं. वांगी अर्धी कच्ची राहिली. ती सोलून नानांनी बडगीत घातली, हिरवी मिरची आणि लसूण टाकला आणि मुसळी उचलली. कच्चं वांगं ठेचायला जोर लागतो. नानांनी लावला.

भरीत सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं आणि छान म्हटलं. निर्मलकुमारांना वांगं चालत नाही, त्यांनी वास घेऊन छान म्हटलं. नानांनी खाल्लं नाही. त्यांचं डोकं कोणी घणाने ठोकावं तसं दुखत होतं आणि स्वतःच्या भरिताचा वास त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नकोसा झाला होता.

संध्याकाळी आकडे घ्यायची वेळ झाली. प्रमिलाबाई नव्वद. भटू आबा एकोणनव्वद. नानांनी कोपऱ्यात जाऊन यंत्र लावलं, तर शहात्तर. त्यांनी बोट बदललं, बॅटरी बदलली, कापूर हुंगला. शहात्तरच. चौतीस वर्षांत ज्या माणसाने एकाही नकाशावर खाडाखोड केली नाही, त्याने त्या संध्याकाळी सातच्या आकड्याला दोन फराटे मारून त्याचा नऊ केला. का, तर ज्याने नियम लिहिले तोच पहिला पडला असं झालं असतं, आणि परवाच्या गाडीत प्रमिलाबाईंच्या शेजारची जागा गेली असती. दुसरं कारण जास्त खरं होतं, हे नाना आता कबूल करतात. सगळ्यांत वरचा आकडा पाहून भटू आबांनी त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

सकाळी प्रमिलाबाईंनी चहा पुढे केला, तर नानांनी कपाच्या शेजारी हवेत हात नेला. मग ते म्हणाले, मोजणीची साखळी आणा, बांध सरकलेला दिसू राहिला. प्रमिलाबाईंनी कप खाली ठेवला आणि वही घेतली. शहाण्णवच्या नवावर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी नियम सातवा, तोल तपासायचा, काढला आणि फरशीच्या सांध्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या रेषेवरून चालून दाखवा. टाचेला चवडा लावून."

सरळ रेषा हे नानांचं आयुष्यभराचं काम. ते हसले, उभे राहिले, पहिलं पाऊल टाकलं आणि थेट कपाटात गेले. पाच मिनिटांत गाडी बोलावली गेली आणि नाना भटू आबांच्या खांद्याच्या आधाराने दवाखान्यात पोहोचले.

डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी लावली, सुई दिली आणि लेहला आल्यावर काय केलं म्हणून विचारलं. नाना नळीतून म्हणाले, आराम.

"नऊ किलो वांगी भाजली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि गोळ्यांचं पाकीट मी आताच पाहिलं, त्यातली एकच गेलेली आहे."

डॉक्टरांनी वांगी या शब्दाचा अर्थ विचारून घेतला. मग ते गंभीरपणे म्हणाले की संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर यांना विमानाने खाली पाठवावं लागेल. तो दिवस प्रमिलाबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसून होत्या. बर्फाचं नाव त्यांनी काढलं नाही. संध्याकाळी नानांना आपलं नाव, गाव आणि गट नंबर आठवला, आणि डॉक्टरांनी आणखी दोन दिवस इथेच पडून राहायला सांगितलं. वरच्या घाटात मात्र जायचं नाही, या सहलीत तरी नाही.

दुसऱ्या सकाळी मंडळी निघायच्या तयारीने दवाखान्यात भेटायला आली. ज्या घाटात बर्फ होता, तिथे जायचा तोच दिवस. प्रमिलाबाई म्हणाल्या, मी थांबते. सहज म्हणाल्या, शिमल्याच्या वेळी म्हणाल्या होत्या तशाच. भटू आबांनी काखेतली वही पुढे केली.

"नाना, बारावा नियम तुमनाच शे."

नानांना तो पाठ होता. भावनेस वाव नाही, हेही पाठ होतं. त्यांना मनापासून वाटत होतं की हिने थांबावं. आपण हो म्हटलं तर ती थांबेल, एक अक्षर न बोलता थांबेल, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा फ्रीज उघडून उभी राहील. हे सगळं त्यांच्या दुखऱ्या डोक्यात एकदम आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नियम म्हणजे नियम," नाना म्हणाले. "जा तू."

"नक्की?"

"जा."

त्यांना वाटलं होतं की ती आणखी एकदोनदा तरी विचारेल. पण तोवर प्रमिलाबाईंनी माकडटोपी घातली होती. नानांजवळ बसायला निर्मलकुमार थांबले. त्यांनी दिवसभर नानांच्या पाण्याचे ग्लास मोजले आणि भरीत न खाल्लेल्या माणसाचा आकडा कसा ब्याण्णव आला आहे, हे चार वेळा दाखवलं. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ऊन उतरल्यावर प्रमिलाबाई आल्या. नाक लाल, टोपी तिरकी, आणि चेहरा असा की नानांनी तो लग्नाच्या अल्बममध्येच पाहिला होता. त्यांनी सगळं सांगितलं. बर्फ हातात घेतला की आधी चटका बसतो. त्यांनी तो खाल्ला, भटू आबांच्या पाठीत मारला, भटू आबांनी उलट मारला. घाटमाथ्यावर दहाच मिनिटं थांबू दिलं, तेवढ्यात दोनदा घसरून पडल्या. नाना ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलंच.

"माझी आठवण आली होती का?"

"वर असताना नाही. खोटं कशाला बोलू?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "उतरताना आली. मग गाडी थांबवायला लावली."

त्यांनी पिशवीतून स्टीलचा लहान डबा काढला. घरून त्यात ठेचा आणला होता. उरलेला ठेचा भटू आबांना तिथेच खायला लावून डबा रिकामा केला होता, आणि रस्त्याच्या कडेचा बर्फ त्यात दाबून भरला होता. झाकण उघडलं तर आत वाटीभर पाणी, वर तेलाचा एक तवंग आणि मिरचीचं एक बी.

निर्मलकुमार घाईने उठले. हे असं कसं पिता, निदान गाळून तरी घ्या, म्हणत त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल डब्यावर धरला. पाणी गाळून झालं. प्रमिलाबाईंनी वही उघडली, बाराव्या नियमाखाली आपल्या शाळकरी अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती नानांसमोर धरली. तेरावा नियम असा होता: "उतरल्यावर दोन दिवस यांच्या हाती काही देऊ नये."

नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. मग डबा तोंडाला लावला. पाणी गार होतं आणि त्याला लसणाची, मिरचीची चव होती. पाणी भरपूर प्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तेव्हा ते सगळं प्यायले, आणि प्रमिलाबाईंनी पाण्याच्या रकान्यात एक वाटी मांडली.